ऑटोमॅटिक गाडीतलं ओव्हरड्राइव्हचं बटण: कधी दाबायचं, कधी नाही?

पोवईनाका
रविवार, सकाळी ९:४०

बाबांच्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपेना, म्हणून मागच्या दिवाळीत आम्ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. २०१९ची पेट्रोल अर्टिगा, सेकंडहँड, चार गिअरची, जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली. बाबा एसटीत एकतीस वर्षं चालक होते. क्लच नसलेल्या गाडीकडे दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे चावी घेऊन एकटेच बाहेर पडले आणि लिंब फाट्यापर्यंत फेरी मारून आले. आल्याबरोबर पहिला प्रश्न: "ते गिअरच्या मुठीला बाजूला बारकं बटण आहे ते कशाचं?"

ते बटण ओव्हरड्राइव्हचं. दाबलं की समोर 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागतो. आता गंमत बघा, ह्या एका बटणाबद्दल आम्हाला तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. गाडी विकणारा म्हणाला, दाबूनच ठेवा, पिकअप चांगला मिळतो. शेजारचे काका म्हणाले, ओव्हरड्राइव्ह म्हणजे नावातच 'ओव्हर' आहे, पेट्रोल जास्तच पिणार, बंद ठेवलेलं बरं. आणि एका गॅरेजवाल्याने सांगितलं की हात लावू नका, ते परदेशातल्या लोकांसाठी आहे.

मी आठवडाभर वाचून, गाडीचं मॅन्युअल उघडून आणि स्वतः चालवून जे समजले ते असं: ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा, म्हणजे आमच्या गाडीत चौथा गिअर. बटण न दाबता गाडी 'डी'मध्ये ठेवली की चारही गिअर वापरात. बटण दाबलं की चौथा बंद, गाडी तीनवरच थांबते. म्हणजे दिवा लागला तर ओव्हरड्राइव्ह *नाही*. दिवा नाही तर आहे. हे उलटं असल्यामुळेच बहुतेक लोक फसत असावेत.

सपाट रस्त्यावर ८०च्या वेगाला आमच्या गाडीचा आरपीएमचा काटा २१००च्या जवळपास असतो. बटण दाबलं की क्षणभर गाडी मागे ओढल्यासारखी होते आणि काटा ३०००च्या पुढे जातो. वेग तोच, रस्ता तोच, आणि इंजिन मिनिटाला नऊशे फेरे जास्त मारतंय. त्या आवाजावरूनच बाबा म्हणाले, "हे तिसऱ्यावर गाडी ताणल्यासारखं आहे. डिझेल खाणार." (त्यांच्या तोंडी अजून डिझेलच येतं.) एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर निघाले याचा हिशेब लागायचा, केपीटीएल म्हणायचे त्याला, आणि तो आकडा चांगला असण्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यामुळे हायवेला बटण दाबायचं नाही हे आमच्या घरात पाच मिनिटांत ठरलं.

माझे प्रश्न पुढचे आहेत.

१. गावात, सिग्नल आणि गर्दीत, बटण दाबून ठेवल्याने काही फायदा-तोटा होतो का?

२. घाट चढताना गाडी तीन-चार, तीन-चार करत राहते. पसरणी घाटात तर आईला त्या हिसक्यांनी मळमळतं. तेव्हा दाबावं का? त्याने पेट्रोल जास्त जाईल का?

३. उतारावर काय? बाबांचा नियम आहे की ज्या गिअरला चढ चढलो त्याच गिअरला तो उतरायचा. ऑटोमॅटिकमध्ये हा नियम पाळायचा कसा?

अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

---

रानवारा
रविवार, सकाळी १०:१५

छान धागा. माझ्याकडे सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक. त्यात असं बटण दिसत नाही, 'डी'च्या खाली 'एस' आणि 'एल' आहेत. मलाही हाच प्रश्न ताम्हिणीत पडतो. वाचतेय.

---

वंगण
रविवार, दुपारी १२:३०

पोवईनाका, तुमचं आकलन अगदी बरोबर आहे. मी चाकणला गिअरबॉक्सच्याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'ओव्हर' म्हणजे जास्त पेट्रोल नव्हे आणि जास्त जोरही नव्हे. इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा शाफ्ट एकापेक्षा जास्त फेरे मारतो, तो ओव्हरड्राइव्ह. तुमच्या गाडीतल्या चार गिअरचे रेशो, म्हणजे बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, साधारण २.८७५, १.५६८, १.०००, ०.६९७ असे आहेत. तिसरा बरोबर एकास एक. चौथ्यात इंजिनाचे ७० फेरे होतात तेव्हा बाहेर १०० होतात. तुम्ही लिहिलेले २१०० आणि ३०००, हे त्याच गुणोत्तरातून आलेत.

कमी फेऱ्यांनी पेट्रोल का वाचतं? एक कारण सरळ आहे: पिस्टन, बेअरिंग, तेलाचा पंप यांचं घर्षण फेऱ्यांबरोबर वाढतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. रंगपंचमीची पिचकारी घ्या, तोंडावर बोट दाबा आणि दांडा मागे ओढा. किती जोर लागतो? पेट्रोल इंजिन अगदी हलक्या पायाने चालवताना हेच होतं. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढण्यात ताकद वाया घालवतो. वरच्या गिअरमध्ये तेच काम कमी फेऱ्यांत करायचं असल्यामुळे झडप जास्त उघडावी लागते, बोट ढिलं होतं, आणि पेट्रोलचा जास्त हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो.

तिसरी गोष्ट लॉक-अपची. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो, पण थोडा मागे राहतो. ती घसरण म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल आणि तापलेलं तेल. म्हणून वरच्या गिअरमध्ये, वेग स्थिर झाला की आतला एक क्लच दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट बांधून टाकतो. नीट लक्ष दिलंत तर चौथा पडल्यावर थोड्या वेळाने काटा आणखी एकदा किंचित खाली येताना दिसेल. तो पाचवा गिअर नव्हे, तो लॉक-अप.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण तिथेच खरा मुद्दा आहे. चढावर चौथ्यात जोर पुरत नाही, तुम्ही पाय दाबता, गाडी लॉक-अप सोडते, तिसरा टाकते, वेग वाढतो, तुम्ही पाय हलका करता, ती पुन्हा चौथा टाकते, पुन्हा दम संपतो. दर बदलाला लॉक-अप सुटतो, क्लचपट्ट्या घासतात, तेल तापतं. ह्या येरझाऱ्यांत पेट्रोलही जास्त जातं आणि गिअरबॉक्सचं आयुष्यही. तेव्हा बटण दाबा. गाडी तिसऱ्यात ठाम राहील. तिसऱ्यात फेरे जास्त असतील, आवाज जास्त असेल, पण चढावर इंजिनाला तसाही जोर हवाच असतो, त्यामुळे तो तिसरा सपाटीवरच्या तिसऱ्यासारखा महाग पडत नाही. आईंना बरं वाटेल हे वेगळंच.

मी वापरतो तो ठोकताळा: मिनिटाभरात दोनदा गिअर वरखाली झाला की बटण दाबायचं. चढ सौम्य असेल आणि गाडी चौथ्यात शांतपणे जात असेल तर हात लावायचा नाही. उताराबद्दल रात्री लिहितो.

---

तळ्याकाठी
रविवार, दुपारी ३:०५

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला रोज जाणं-येणं. चार गिअरचीच ऑटोमॅटिक, पाच वर्षं झाली, पहिल्या दिवसापासून बटण दाबूनच चालवतो. गाडी चटकन उचलते आणि अ‍ॅव्हरेज साडेदहा-अकरा मिळतं. एक महिना न दाबता चालवून पाहिली, तरी तेवढंच. मग हायवेला पेट्रोल वाचतं हे तरी कशावरून मानायचं?

---

वंगण
रविवार, दुपारी ४:२०

तळ्याकाठी, तुमचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मात्र पुढे जातोय. पाय हलका असला तरी ह्या गाड्या चौथा पन्नाशीच्या आसपासच टाकतात. घोडबंदरला गर्दीच्या वेळी पन्नास गाठून ते टिकवायला मिळतं किती वेळा? गाडी चौथ्यात जातच नसेल तर चौथा बंद ठेवला काय आणि चालू ठेवला काय. म्हणून फरक दिसला नाही. गावात वेग ४५ ते ५५मध्ये सतत हलत असेल आणि गाडी तीन-चार करत असेल, तर दाबून चालवण्यात गैर काहीच नाही. पण एक विचारतो: नाशिकला किंवा गावी जाताना दाबलेलं बटण सोडता का?

---

तळ्याकाठी
रविवार, दुपारी ४:४५

नाही सोडत. लक्षातच राहत नाही. पुढच्या शनिवारी नाशिकला जायचं आहे. टाकी फुल करून, जाताना एक आणि येताना एक असं बघतो.

---

वंगण
रविवार, संध्याकाळी ५:१०

जाताना-येताना नको, वाटेत कसारा आहे. जाताना चढ, येताना उतार, हिशेब चुकेल. नाशिकच्या अलीकडे-पलीकडे सपाट पट्टा बघा, दोन्ही दिशांना तोच पट्टा बटण दाबून आणि न दाबता. वेग ८०, एसी दोन्ही वेळा सारखा, टायरमध्ये हवा सारखी.

---

मिशिगनकर
रविवार, रात्री ८:००

हा धागा वाचून वीस वर्षांपूर्वीचा पश्चात्ताप ताजा झाला. इथे शिकायला आलो तेव्हा नव्वदच्या दशकातली एक जुनी जपानी सेडान घेतली होती. तिचं बटण दाबलं की आतच अडकून राहायचं, पुन्हा दाबलं की बाहेर यायचं. आधीच्या मालकाने ते दाबलेलं ठेवलं होतं. समोर 'ओ/डी ऑफ' असा पिवळा दिवा कायम लागलेला. मला वाटलं, ही काहीतरी बचतीची सोय चालू आहे. हायवेला ती गाडी इतकी गुरगुरायची की रेडिओ ऐकू यायचा नाही. सात महिने तशीच चालवली. मग एका मित्राने शेजारी बसल्या बसल्या अंगठ्याने बटण दाबलं आणि गाडी एकदम शांत झाली. विद्यार्थी असताना सात महिने नाहक पेट्रोलवर घातलेले ते पैसे अजून मनाला लागतात.

इथे हे बटण इतकं सर्रास का दिसायचं, त्याला इतिहास आहे. ओव्हरड्राइव्ह ही कल्पना जुनी. १९३४च्या क्रायस्लर एअरफ्लोमध्ये वेगळं ओव्हरड्राइव्ह युनिट होतं, आणि ब्रिटिश गाड्यांमध्ये लेकॉक-डी नॉर्मनव्हिलचं युनिट पुढे बरीच वर्षं चाललं. पण अमेरिकेतल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या तीन गिअरच्या होत्या, तिसरा एकास एक, कारण पेट्रोल स्वस्त होतं. १९७३चं तेलसंकट आलं. १९७४मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. १९७५च्या कायद्याने गाड्यांच्या सरासरी मायलेजवर बंधन आणलं, आणि ते १९७८च्या मॉडेलपासून लागू झालं. कंपन्यांना गाडी लहान न करता पेट्रोल वाचवायचं होतं. फोर्डने १९८०मध्ये चौथा गिअर ०.६७चा असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, जनरल मोटर्सने १९८२मध्ये ०.७०चा. म्हणजे तुम्ही ज्या बटणावर चर्चा करताय त्याच्यामागचा गिअर जन्मालाच पेट्रोल वाचवण्यासाठी आला. शेजारच्या काकांना हे जरूर सांगा.

ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचा मान्य उपयोग इथे एकच: मागे ट्रेलर जोडला असेल किंवा डोंगरातून जात असाल. बोट किंवा सामानाची ट्रॉली ओढताना ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून गिअरबॉक्स जाळलेले लोक मी पाहिलेत.

आणखी दोन गोष्टी. एक, इथल्या हिवाळ्यात पहिली काही मिनिटं गाडी चौथा टाकतच नाही. बिघाड नसतो. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत कॉम्प्युटर मुद्दाम ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप अडवून ठेवतो. दोन, बऱ्याच जुन्या जपानी आणि अमेरिकन गाड्यांत तो दिवा स्थिर न राहता लुकलुकायला लागला तर बटणाचा संबंध नाही, गिअरबॉक्समध्ये दोष नोंदला गेलाय असा अर्थ. तेव्हा सरळ मेकॅनिककडे.

---

वंगण
रविवार, रात्री ९:३०

मिशिगनकर, फार मोलाची माहिती. आता उतार.

पोवईनाका, तुमच्या वडिलांचा नियम ऑटोमॅटिकलाही तंतोतंत लागू आहे. उतारावर 'डी'मध्ये चौथा पडलेला असला की इंजिन गाडीला फारसं अडवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल मऊ लागायला लागतं, लायनिंगचा जळका वास येतो, आणि त्यापुढे धोका आहे. उतार लागण्याआधी बटण दाबलंत की गाडी तिसऱ्यात येते आणि इंजिन तिला धरून ठेवतं. पसरणीसारख्या तीव्र ठिकाणी तेही पुरत नाही. वेग कमी करून गिअरचा दांडा '२' वर आणा.

पेट्रोलची भीती इथे अजिबात बाळगू नका. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गिअरमध्ये असताना पाय एक्सलरेटरवरून पूर्ण काढला आणि फेरे पुरेसे असले, की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच बंद करतात. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. काटा ३०००वर आणि खर्च शून्य. फेरे आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन जितके मारतं त्या) जवळ आले की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. म्हणजे तिसऱ्यात उतरताना पेट्रोल जास्त जात नाही. फेरे वर राहिल्यामुळे ते जास्त वेळ *बंद* राहतं.

एक सावधगिरी: पावसात, वळणाच्या मध्यावर बटण दाबू नका. पुढच्या चाकांवर अचानक ओढ येते. सरळ पट्ट्यावर, वळणाच्या आधी दाबा.

रानवारा, सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळे बटणही नाही. पण तुमच्या 'एस'मुळे रेशो खाली राहतो आणि फेरे वर राहतात, म्हणजे काम तेच. ताम्हिणीत उतरताना 'एस', फारच तीव्र असेल तर हळू होऊन 'एल'. पायथ्याशी आलात, सपाटी लागली की लगेच 'डी'.

---

कुंभार्लीकर
सोमवार, सकाळी ७:५०

आमच्याकडे चिपळूणला अजूनही बरेच जण कुंभार्ली घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. पेट्रोल वाचतं म्हणतात. एक दोघं तर इंजिनही बंद करतात. वंगण यांनी लिहिल्याप्रमाणे गिअरमध्ये खर्च शून्य असेल तर न्यूट्रलमध्ये उलट जास्त जातं ना?

---

वंगण
सोमवार, सकाळी ८:३०

हो. न्यूट्रलमध्ये चाकं आणि इंजिन यांची गाठ सुटते, मग इंजिनाला जिवंत राहायला आयडलचं पेट्रोल लागतंच. कार्ब्युरेटरच्या काळातली ती सवय आहे. इंजिन बंद करण्याबद्दल कळकळीने सांगतो, करू देऊ नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टीअरिंग जड होतं. चावी मागे फिरली तर काही गाड्यांत ते लॉकही होतं. शिवाय ऑटोमॅटिकमध्ये आतल्या तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे गिअर कोरडे घासतायत.

---

वऱ्हाडी_वाट
सोमवार, दुपारी १:१५

बटणावर बरीच चर्चा झाली, पण समृद्धीवर रोजचं येणं-जाणं असल्यामुळे एक सांगावंसं वाटतं. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून मी तो वापरतोय. माझी डिझेल ऑटोमॅटिक सहा गिअरची आहे. वरचे दोन्ही गिअर ओव्हरड्राइव्हच, वेगळं बटण नाही. तिथे मर्यादा १२०ची असल्यामुळे सगळे १२०ला लावतात आणि मग अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून गाडीला दोष देतात.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९०चे १२० केले की तो पावणेदोन पटींच्याही थोडा पुढे जातो. हे कुठल्याही गिअरने भरून निघत नाही. माझ्या गाडीला वर्धा ते जालना पट्ट्यात ९०-९५ला साडेचौदा पडतं, ११५-१२०ला जेमतेम साडेअकरा. वेळेचा हिशेब केला तर त्या पट्ट्यात पाऊण तासाच्या आसपास वाचतो. ज्याला तो वेळ हवा आहे त्याने जरूर जावं. पण मग ओव्हरड्राइव्हचा उपयोग होत नाही असं म्हणू नये.

तसंच उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायर फार तापतात. निघायच्या आधी, टायर थंड असताना हवा बघा. कमी हवेने अ‍ॅव्हरेजही जातं आणि टायर फुटण्याचा धोका तर आहेच. हे मी प्रत्येकाला सांगत असतो.

---

गोदाकाठ
सोमवार, रात्री ९:००

एएमटीवाल्यांसाठी कोणी सांगेल का? माझ्याकडे एएमटी वॅगन आर आहे, तिच्यात मॅन्युअल मोड आहे.

---

वंगण
सोमवार, रात्री १०:१०

गोदाकाठ, एएमटी म्हणजे आपला नेहमीचा क्लच आणि गिअरबॉक्सच, फक्त पाय आणि हाताचं काम मोटर करते. टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे लॉक-अपचा प्रश्न नाही. घाटात मॅन्युअल मोड घ्या आणि दोन किंवा तीनवर धरून ठेवा, उतरतानाही तसंच. चढावर गर्दीत थांबलात तर गाडी एक्सलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबा.

---

तळ्याकाठी
पुढचा रविवार, सकाळी ११:२०

शब्द दिल्याप्रमाणे करून आलो. सिन्नरच्या पुढचा सपाट पट्टा, ४० किलोमीटर, दोन्ही दिशांना, वेग ८०. बटण न दाबता १६.९. दाबून १४.२. दोन्ही वेळा ट्रिप मीटर शून्य करून गाडीच्याच स्क्रीनवर पाहिलंय, त्यामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण फरक नजरेत भरणारा आहे. पाच वर्षं हायवेला दाबून चालवली. आमच्या सौ. शेजारी बसल्या होत्या. बटण सोडल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज कमी झाला, आता झोप लागेल." वंगण, मनापासून धन्यवाद. घोडबंदरला काय करायचं ते आता गाडीवरच सोडतो, बटण मोकळं ठेवतो.

---

पोवईनाका
पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे खूप आभार. काल आम्हीही दोन्ही करून पाहिलं.

आधी सपाटीची परीक्षा. आनेवाडीचा टोल नाका ओलांडल्यावर पाचवडपर्यंत आणि परत. मी चालवत होते, बाबा शेजारी. त्यांनी जुन्या डायरीचं एक पान घेतलं, वर तारीख, गाडीचा नंबर आणि 'हवामान स्वच्छ' लिहिलं, जसं ड्युटीवर लिहायचे तसं. दर दोन किलोमीटरला स्क्रीनवरचा त्या क्षणाचा आकडा मोठ्याने वाचायचे आणि लिहायचे. चौथ्यात आकडे बहुतेक १८ ते २१. बटण दाबल्यावर १४ ते १७. परतीच्या फेरीत वारा समोरून होता, दोन्ही कमी झाले, पण अंतर तेवढंच राहिलं. पान माझ्याकडे आहे. घरी आल्यावर शेजारच्या काकांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि फोटो काढून नेला.

मग वाईहून पसरणी. चढायला लागण्याआधी सरळ पट्ट्यावर बटण दाबलं. गाडीने पाचगणीपर्यंत एकदाही चार टाकायचा प्रयत्न केला नाही. वळणांवर आपणहून दोनवर यायची, सुटली की तीन. आईने खिडकी उघडायला सांगितली नाही, लिंबू तसंच पिशवीत राहिलं. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं.

उतरताना बाबा चालवत होते. पाचगणी सोडल्यावर उतार लागायच्या आधीच त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं, दिवा लागलाय का ते पाहिलं, आणि पहिल्या मोठ्या वळणाआधी दांडा '२' वर घेतला. इंजिनचा आवाज चढला तशी आई म्हणाली, "अहो, पेट्रोल!" बाबांनी तिला स्क्रीन दाखवली. एक्सलरेटरवरून पाय काढलेला होता आणि आकडा वरच्या टोकाला जाऊन थांबलेला. खाली वाईपर्यंत ब्रेक त्यांनी मोजून वापरला, तोही थोडासा दाबून सोडायचा.

खाली आल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरले, आणि पुढच्या चाकाजवळ तळहात धरून उभे राहिले. एसटीत घाट उतरल्यावर ते नेहमी हेच करायचे, मी लहानपणी पाहिलंय. मागच्या वेळी, बटणाचं माहीत नव्हतं तेव्हा, ह्याच जागी जळका वास येत होता आणि चाकाजवळ हात धरवत नव्हता. ह्या वेळी कोमट होतं. वास नव्हता.

वंगण, एक शेवटचं विचारायचं आहे. गाडीचे ७२,००० किलोमीटर झालेत. गिअरबॉक्सचं तेल आधीच्या मालकाने बदललं होतं की नाही, कागद नाही. बदलून घ्यावं का?

---

वंगण
पुढचा रविवार, रात्री ८:४५

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तेल जरूर बघा. कागद नाही म्हणजे बदललं नाही असंच धरा, विशेषतः गाडी आधी घाटातच फिरली असेल तर. दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकायला सांगा. लालसर आणि पारदर्शक असेल तर घाई नाही. तपकिरी, काळपट किंवा करपलेला वास असेल तर बदला. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल घाला, 'चालतंय' म्हणून दुसरं घालू देऊ नका. मशीन लावून फ्लश करतो म्हणाले तर नको म्हणा. साधं ड्रेन करून भरायचं, काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून दोनदा. आणि ते काम चालू असताना तुम्ही किंवा बाबा तिथे उभे राहा.

---

पोवईनाका
पुढचा रविवार, रात्री ९:०५

बाबा म्हणतात, उभं राहायला ते येतायत. मंगळवारी सकाळी नेतो. थेंबांचा फोटो इथे टाकते.